चार महिने चुकलेलं प्रभुभोजन

‘मावशी, सलाम. मी 31 वर्षांची. लग्नाला चार वर्षं झाली, वडगाव शेरीत भाड्याच्या घरात राहतो. नोकरी हिंजवडीला, कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास. ते सगळे रील्स बघण्यात जातात आणि रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे तेच नाचतं. इन्स्टाग्राम तीनदा काढून टाकलं, तीनदा परत घेतलं. चर्चमध्ये पाळकांचा संदेश चालू असतो आणि मी मनात कॉलेजच्या मैत्रिणीच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये पडदे लावत असते. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, असे विचार येतात म्हणजे तुझं तारणच झालेलं नाही, तू पापातून सुटलेलीच नाहीस. तेव्हापासून चार महिने मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. नवऱ्याला कारण सांगितलेलं नाही.’

लेकी, सलाम.

पत्र दोनदा वाचलं. रील्सचं नंतर बोलू, आधी प्रभूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस न घेता गेलेले ते चार महिने.

पवित्र शास्त्रातल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तुझ्या मनात भीती घालून बसलाय, हे तू न लिहिताही कळलं. अयोग्य प्रकारे खाल्लं-प्यालं तर दोष लागतो, एवढं वाचून तू मागे सरलीस. पण लगेच पुढे पौल काय सांगतो? माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी निघून जावं, असं तो कुठेच म्हणत नाही. त्या मंडळीचा दोष तरी काय होता? ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आधीच जेवून घ्यायचे, कोणी तर झिंगलेले असायचे आणि गरीब उपाशी राहायचे. भरकटणाऱ्या मनाबद्दल तिथे अक्षरही नाही.

त्या बाईंनी प्रेमापोटी सांगितलं असेल, पण चुकीचं सांगितलं. अरण्यात 40 दिवसांच्या उपासानंतर मोहाचे शब्द प्रभू येशूच्याही कानावर आले. त्याने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन काढून उत्तर दिलं. विचार दारात येणं वेगळं आणि त्याला पाट मांडून जेवायला वाढणं वेगळं. आणि हे मोबाईलमुळे नव्याने आलंय असंही समजू नकोस. सोळाशे वर्षांपूर्वी बिशप असलेल्या ऑगस्टीनने स्वतःबद्दल कबूल करून ठेवलंय, की शेतातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला की माझं मन त्याच्यामागे धावतं. घरात बसलो तर पाल माश्या कशा पकडते तेच बघत राहतो. एवढ्या मोठ्या माणसाने पालीची गोष्ट लपवली नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आता इन्स्टाग्राम. तू ॲप काढलंस म्हणजे घर झाडलंस. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेलं ते घर आठव. अशुद्ध आत्मा निघून गेला, परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं. मग तो आणखी सात जणांना घेऊन आला. तू दर वेळी झाडूनच थांबलीस, गं. तीन तासांची बस तशीच रिकामी राहिली.

त्यात राहायला कोणाला आणायचं? पवित्र शास्त्रातलं स्तोत्र 119 घे. 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 भाग. तुझ्या ऑफिसचे महिन्याचे दिवसही साधारण तेवढेच भरतात. सकाळी बसमध्ये एक भाग वाच आणि छोट्या वहीत हाताने लिहून काढ. बस हलते, अक्षर वाकडं येईल, येऊ दे. निरर्थक गोष्टी बघण्यापासून माझी नजर वळव, ही विनवणी पाचव्या दिवशी तुझ्याच हाताने लिहिली जाईल. पंडिता रमाबाईंनी आपल्या पुण्याजवळच्या केडगावात शेकडो मुली-बायकांचा संसार सांभाळत, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, तोवर ते काम त्यांच्या हाती होतं. तिथे काय कमी गडबड असेल? मन हाताच्या मागे चालतं, असा माझाही अनुभव आहे. संध्याकाळी परतताना थकलेली असशील, तेव्हा वाचू नकोस. कानात इयरफोन घालून गीतं ऐक, नाहीतर सरळ झोप. झोपेचा अपराध वाटून घेऊ नकोस.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुझ्या पत्रात रील्स काय होत्या ते एकाही ओळीत नाही, पण पडदे आहेत. तुझं मन भलतीकडे जात नाहीये, ते रोज एकाच पत्त्यावर जातंय. चार वर्षं भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला स्वतःचं घर हवंसं वाटतं, हे पाप नाही. पण तू ती इच्छा देवाला सांगितलेलीच नाहीस. ती ‘जगिक’ म्हणून बाजूला सारलीस, मग ती संदेशाच्या वेळी हळूच येऊन बसते. आज रात्री गुडघे टेकशील तेव्हा बाकी सगळं राहू दे. प्रभू, मला घर हवंय, मला मैत्रिणीचा हेवा वाटतो, एवढंच म्हण. मोठ्याने म्हण. नवरा शेजारी असेल तर फारच चांगलं, कारण त्याला हे माहीतच नाही. हप्ता झेपेल का, कुठे झेपेल, ते नंतर दोघं मिळून कागदावर मांडा.

येत्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधी पाळकांना भेट, त्या बाईंचं वाक्य त्यांच्या कानावर घाल आणि मेजाजवळ जा. हात थरथरला तरी जा.

मग एका शनिवारी मैत्रिणीला फोन करून घर बघायला येते म्हण. पडदे तिने कसे लावलेत ते एकदा प्रत्यक्ष बघ, आणि निघताना तिच्या घरासाठी दारात उभी राहून मनात प्रार्थना कर. कशी झाली भेट, ते मला लिही. वाट बघते.

तुझी,
मावशी