आंबा आटपला की निघा

प्रश्न : आम्ही देवगडकडचे, हापूसची बाग आहे. आता मुलं मार्गी लागली, एकदा ध्रुवाकडची क्रूझ करायची असं दोघांनी ठरवलंय. पेंग्विन आणि पांढरं अस्वल दोन्ही बघायचंय. कुठला महिना बरा? हिला बोट लागते हेही सांगून ठेवतो.

उत्तर : काका, पहिलं म्हणजे दोन्ही एका ट्रिपमध्ये नाही जमायचं, पेंग्विन दक्षिणेला आणि पांढरं अस्वल उत्तरेला, त्यांची कधी गाठच पडत नाही.

अंटार्क्टिकाचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा. नोव्हेंबरात बर्फ अगदी कोरा असतो, डिसेंबर-जानेवारीत पेंग्विनची पिल्लं आणि फेब्रुवारीनंतर व्हेल जास्त दिसतात (वास मात्र येतो हां पेंग्विनच्या वस्तीचा, पण सुकी मासळी वाळत घातलेल्या खळ्यातून फिरलेल्या माणसाला त्याचं काय). पण नेमकं तेव्हाच तुमचं मोहोर, फवारण्या, गडीमाणसं सगळं डोक्यावर. त्यात बोट बहुतेक अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून सुटते आणि मध्ये ड्रेक पॅसेज, जाताना साधारण दोन दिवस, येताना दोन दिवस, जगातल्या खवळलेल्या समुद्रांपैकी एक. काकूंना तिथे नेऊ नका असं माझं स्पष्ट मत.

त्यापेक्षा पांढऱ्या अस्वलासाठी नॉर्वेची पार उत्तरेकडची स्वालबार्ड बेटं बघा, जुलैमध्ये. आंबा आटपलेला, बाहेर धो धो पाऊस, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि गणपतीला घरी परत. तिथल्या लाँगइयरब्येन गावाहून निघालं की बोट बराच वेळ डोंगरांमधल्या खाड्यांतून जाते, तिथे पाणी पुष्कळ शांत, मोकळ्या समुद्रात थोडं हलेल तेवढं. जूनच्या सुरुवातीला उत्तरेच्या खाड्या कधी कधी बर्फाने अडलेल्या असतात म्हणून जुलै म्हणतोय. तेव्हा सूर्य मावळतच नाही, जाड पडदे ओढून झोपायचं, आणि अंधारच नाही म्हणून नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे) विसरा.

बोट छोटीच घ्या, 2025 पासून तिथल्या संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवाशांच्या बोटींना बंदी आहे. अस्वलापासूनही जुलैत 300 मीटर लांब राहावं लागतं, 30 जूनपर्यंत तर 500, तेव्हा चांगली दुर्बीण हवीच, मोबाईलच्या झूमवर विसंबू नका.

आणि व्हिसा! स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर येतं, म्हणजे ऑस्लोहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा आत, म्हणून मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा मागा, एजंट हे हमखास विसरतात.