रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह, बोल्शेविक नेते बुखारिन आणि सेनानी चुइकोव्ह या तिन्ही रशियनांच्या नावात 'इवानोविच' येते. हे एकाच घराण्यातले होते का?

नाही. 'इवानोविच' हे आडनाव नसून वडिलांच्या नावावरून पडणारे मधले नाव आहे: इवानचा मुलगा इवानोविच आणि मुलगी इवानोव्हना. या तिघांच्या वडिलांचे नाव इवान होते, एवढेच त्यातून कळते. आपल्याकडेही मधले नाव वडिलांचेच असते. मात्र लग्नानंतर मधल्या नावाच्या जागी पतीचे नाव लावण्याचा आपला प्रघात रशियात नाही. तोलस्तोय यांच्या पत्नी सोफिया यांचे आडनाव बदलले, पण त्या अखेरपर्यंत आंद्रेयेव्हनाच राहिल्या.

इवान हे नाव इतके सर्रास, की मार्च १९६१ मध्ये, गागारिन यांच्या उड्डाणाआधी, अंतराळात चाचणीसाठी पाठवलेल्या पुतळ्यालाही 'इवान इवानोविच' असेच नाव मिळाले. तो कुणाला सापडला तर मृतदेह वाटू नये, म्हणून त्याच्या चेहऱ्यापाशी 'नमुना' अशा अर्थाची रशियन पाटी लावली होती.

नामवंत इवानोविच पुष्कळ आहेत. युक्लिडची चौकट मोडणारी भूमिती मांडणारे लोबाचेव्हस्की आणि संगीतकार ग्लिंका हे त्यांपैकीच. माझ्या मते मात्र सर्वांत विलक्षण कहाणी वाविलोव्ह बंधूंची आहे, आणि तिथे दोन इवानोविच खरोखरच एका बापाचे होते. थोरले निकोलाय इवानोविच (जन्म १८८७) यांनी पिकांची मूळ उगमस्थाने शोधण्यासाठी अनेक देश पालथे घातले आणि लेनिनग्राडला बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभारला. स्तालिनच्या मर्जीतले कृषितज्ज्ञ लिसेंको यांच्याशी अनुवंशशास्त्रावरून वैर पत्करल्यावर १९४० साली त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. इकडे दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारी उपासमारीने मेले, पण त्यांनी संग्रहातल्या दाण्यांना हात लावला नाही.

धाकटे सेर्गेय इवानोविच हे भौतिकशास्त्रज्ञ. ज्या राजवटीने भावाचा बळी घेतला, तिच्याच काळात, १९४५ साली, ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. हे पद त्यांनी का स्वीकारले यावर आजही वाद घालता येईल. मला तरी त्यांना दोष देणे अवघड वाटते, कारण स्तालिनच्या काळात नकार देणे म्हणजे स्वतःबरोबर कुटुंबालाही धोक्यात लोटणे होते. ज्या प्रकाशपरिणामासाठी (पाण्यासारख्या माध्यमात तिथल्या प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे दिसणारा निळसर प्रकाश) त्यांचे शिष्य चेरेन्कोव्ह यांना १९५८ साली नोबेल मिळाले, त्याला रशियात आजही 'वाविलोव्ह-चेरेन्कोव्ह' म्हणतात. सेर्गेय मात्र १९५१ सालीच वारले होते. थोरल्या भावावरचे आरोप रद्द झाले ते १९५५ साली.