टाचणीची ‘प्रजाती’ की ‘जाती’?

प्रश्न टाचणी (डॅमसेलफ्लाय) या चतुरासारख्या दिसणाऱ्या नाजूक कीटकाबद्दल आहे : ‘न्यूरोबेसिस ही टाचणीची प्रजाती आहे’ असं लिहावं की ‘जाती’? आणि टाचणीला सरळ चतुर म्हटलं तर चालेल का?

इथे ‘प्रजाती’च बरोबर. मराठीत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड ठरलेली आहे : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती (इंग्रजीत जीनस), जाती (स्पीशीज). न्यूरोबेसिस ही प्रजाती आणि तिच्यात डझनाच्या आसपास जाती. भारतापासून चीनपर्यंत डोंगरी ओढ्यांवर दिसणारी न्यूरोबेसिस चायनेन्सिस ही त्यांतली एक. तिचा नर पंख मिटून दगडावर बसला की पंख तपकिरी दिसतात, ते उघडताच मागच्या जोडीवरचा धातूसारखा हिरवा रंग लखकन चमकतो.

घोळ बातम्यांत होतो. ‘टाचणीची नवी प्रजाती सापडली’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा नवी जाती असते. हिंदीत वरच्या पायरीला ‘वंश’ म्हणतात आणि ‘प्रजाति’ खालच्या पायरीला वापरतात. घाईच्या भाषांतरात तेच मराठीत उतरतं. शिवाय ‘जात’ म्हटलं की समाजातली जात आठवते, शेतीत जात म्हणजे वाण, म्हणून लिहिणारा कचरतो. पण मग ‘न्यूरोबेसिस या प्रजातीच्या डझनभर प्रजाती’ असं वाक्य पदरी पडतं आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

खूण सोपी आहे : जातीचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं, प्रजातीचं एकाच शब्दाचं. जाती आधी आणि तिची आजची प्रजाती नंतर, असंही घडतं. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये चायनेन्सिस ही जाती लिबेल्युला प्रजातीत घातली होती. न्यूरोबेसिस ही प्रजाती बेल्जियन कीटकशास्त्रज्ञ सेलिसने १८५३ मध्ये केली. म्हणूनच ‘न्यूरोबेसिस चायनेन्सिस (लिनियस, १७५८)’ असा कंस येतो. कंसाच्या खुणा गाळू नयेत. गाळल्या तर लिनियसनेच तिला न्यूरोबेसिसमध्ये ठेवलं, असा चुकीचा अर्थ होतो.

चतुर मात्र म्हणू नये. गण एकच, पण उपगण वेगळे. टाचणीचे पुढचे-मागचे पंख साधारण सारख्या आकाराचे आणि डोळे एकमेकांपासून लांब. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद. चतुर पुल्लिंगी, टाचणी स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘नर टाचणी उडाली’ हेच शुद्ध. कानाला खटकत असेल तर ‘टाचणीचा नर उडाला’ लिहावं.