पश्चिम आफ्रिकेत जमीन आणि पाऊस असूनही अन्नटंचाई का? लोक आळशी आहेत का?

‘आळशी’ हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो. कुडाळला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मेहुण्याने हेच विधान केले होते आणि वडीलधाऱ्यांदेखत मी गप्प बसलो होतो.

नायजेरियाला लागून असलेल्या बेनिनमधील कोटोनू येथे एका तांदूळ आयातदाराकडे मी सहा वर्षे हिशेबनीस होतो. काकीनाडा बंदरातून आलेला उकडा तांदूळ आमच्या गोदामात उतरे, पण त्यातला बराचसा बेनिनमध्ये शिजतच नसे. तो सेमेच्या सीमानाक्याच्या बाजूने, बहुधा चोरवाटांनी, नायजेरियात जाई, कारण तिथल्या सरकारने स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी आयातीवर जबर कर बसवला होता आणि २०१६ पासून जमिनीच्या मार्गाने तांदूळ आणण्यास मनाईच केली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये नायजेरियाने सीमाच बंद केली. आमच्या थप्प्या छताला टेकल्या आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या लागोसमध्ये तांदूळ कडाडला.

गोदामाच्या दारात पाठीला मूल बांधून एक बाई पहाटे पाचला येत असे. फाटक्या पोत्यांतून सांडलेले दाणे झाडून घ्यायचे, पाखडायचे, खडे वेचायचे आणि पत्र्याच्या मापाने विकायचे, हा तिचा धंदा. सीमा बंद झाल्यावर मालाची चढउतार थांबली, त्यामुळे पोती फाटेनात, दाणे सांडेनात, आणि तांदळाच्या डोंगरासमोर बसून तिची चूल पेटेना. सीमा उघडायला डिसेंबर २०२० उजाडला.

टंचाई धान्याची कमी आणि ऐपतीची जास्त असते, एवढेच मला त्या दारात समजले. आणि आयातीच्या तांदळावर विसंबणेही आळसातून आलेले नाही. सेनेगलचेच पाहा: फ्रेंचांनी तिथे भुईमूग पिकवून घेतला, खायला त्यांच्याच ताब्यातल्या इंडोचायनातून (आजचा व्हिएतनाम आणि शेजार) कणी आणली, आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

नायजेरियाचे सगळेच चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. भाव चढू लागताच आपणही जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केलीच. शिवाय नायजर, बुर्किना फासो यांना कोटोनूच्या मापाने मोजू नये. तिथे बेभरवशाचा पाऊस आणि बंदुका, दोन्हींचा जाच आहे.

राहिला आळस. माझ्या मेहुण्याच्या शिधापत्रिकेवर महिन्याला माणशी पाच किलो धान्य येते. तसले दुकान मला कोटोनूत कुठे दिसले नाही, आणि मेहुणा सकाळी आठच्या आत उठलेलाही मी कधी पाहिलेला नाही.