वाचकांचे प्रश्न : दोन सनी बॉय आणि क्रॉलीचं पुठ्ठ्याचं खोकं

सनी बॉय विल्यमसनच्या नावावर १९३७ची गाणी सापडतात आणि १९६३चा युरोप दौराही. आवाज मात्र एकाच माणसाचा वाटत नाही. (मिरज)

कान बरोबर आहेत तुमचे. ही दोन माणसं आहेत आणि दोघंही ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतात माउथऑर्गन वाजवायची. पहिला जॉन ली विल्यमसन, टेनेसीतल्या जॅक्सनचा. मे १९३७मध्ये इलिनॉयतल्या ऑरोरा इथे ब्लूबर्ड कंपनीसाठी तो पहिल्यांदा रेकॉर्ड झाला. १ जून १९४८ला शिकागोत त्याचा खून झाला. दुसरा अ‍ॅलेक ‘राइस’ मिलर. हा १९४१पासून आर्कान्सातल्या हेलेनाच्या रेडिओवर पिठाच्या एका कंपनीच्या कार्यक्रमात वाजवायचा, तोही सनी बॉय या नावाने. खरा सनी बॉय तेव्हा हयात होता आणि त्याच्या तबकड्या खपत होत्या, त्यामुळे हे नाव सरळसरळ उचललेलं होतं. कलाकार म्हणून मिलर अजिबात उणा नाही, हेही खरं.

ओळखायचं कसं? ध्वनिमुद्रणाचं साल बघा. १९४८च्या आधीचं असेल तर विल्यमसन. १९५१ किंवा नंतरचं असेल तर मिलर. लेबल ब्लूबर्ड किंवा आरसीए व्हिक्टर असेल तर पहिला, ट्रंपेट किंवा चेकर असेल तर दुसरा. (ट्रंपेटही जॅक्सनचीच, पण मिसिसिपीतल्या. घोळ व्हायला एवढं पुरे.) संकलनावर छापलेलं साल बहुधा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्याच्यावर जाऊ नका. अ‍ॅपवर तर दोघांची गाणी एकाच पानावर पडलेली दिसतात. साल मिळालंच नाही तर कानावर भरवसा ठेवा. पहिल्याचा उच्चार जड, जिभेत अडखळल्यासारखा. मिलर ओळ अर्धी सोडतो, मध्ये मोकळी जागा ठेवतो आणि तळव्यांची उघडझाप करून सूर थरथरवतो.

माझ्या माउथऑर्गनवर हिंदी गाणी छान वाजतात, पण ब्लूजवाल्या स्लिम हार्पोसारखा रडवा सूर निघत नाही. (डोंबिवली)

तुमच्याकडे बहुधा ट्रेमोलो आहे. त्यात एका सुराला दोन पात्या असतात, जराशा वेगळ्या लावलेल्या, त्यामुळे सूर हवा तसा वाकत नाही. दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे एका सुराला एकच पात असलेला, घ्या, सी पट्टीचा.

आता युक्ती. ब्लूजवाले बहुतेक वेळा माउथऑर्गनच्या पंचमाला षड्ज मानून वाजवतात. सी पट्टीच्या पेटीवर (म्हणजे माउथऑर्गनवरच) गाणं जी मध्ये, ए च्या पेटीवर ई मध्ये. सगळा भर श्वास आत ओढण्यावर. सी वर दुसऱ्या भोकातून ओढलात की सा, चौथ्यातून प, पाचव्यातून कोमल नी. सूर न वाकवता वाजवलंत तर खमाज थाटच हाती येतो. तिसऱ्या भोकात ओढून शुद्ध गंधार मिळतो. तो अर्धा सूर खाली वाकवला की कोमल ग, आणि तुम्हाला हवा असलेला रडवेपणा तिथेच आहे.

नवख्यांचं दुसरं भोक वाजतच नाही आणि ते पेटी बिघडली म्हणून दुकानात जातात. बहुतेकदा पेटी धड असते. जोरात ओढल्याने पात गुदमरते. जबडा सैल सोडा, श्वास पोटातून हळू घ्या. सूर वाकवायचा तो जिभेचा मागचा भाग मागे-खाली नेऊन. ओठ आवळून काही होत नाही.

एक्सेलो या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा आवाज एकसारखा का वाटतो? (म्हापसा)

कंपनी नॅशव्हिलची, पण स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम, लेझी लेस्टर, लोनसम सनडाउन हे सगळे लुइझियानातल्या क्रॉली गावी जे. डी. मिलरच्या (हा वरचा राइस मिलर नव्हे) स्टुडिओत रेकॉर्ड झाले. तेच वादक, तीच खोली, तीच घुमारेदार प्रतिध्वनीची सवय. तालासाठी लेझी लेस्टर पुठ्ठ्याचं खोकं किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्रही बडवायचा. लेबलवर गीतकार म्हणून ‘वेस्ट’ दिसला तर तो मिलरच, टोपणनावाने रॉयल्टीत वाटेकरी. हार्पो म्हणजे जेम्स मूर. १९५७ला पहिली तबकडी, १९६६ला रिदम अँड ब्लूजच्या यादीत थेट पहिला क्रमांक, १९७०ला मृत्यू. सुरुवात मात्र लाइटनिन स्लिमपासून करा, साथ कमी असल्याने खोकं स्वच्छ ऐकू येतं.

गराज सेलमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ब्लूज तबकड्या मिळाल्या. खरखर फार आणि गाणं घुसमटलेलं. (न्यू जर्सी)

एलपीची सुई वापरताय. ती ७८च्या रुंद खाचेत तळाशी घसरते आणि तिथली घाण वाचते. सुमारे ३ मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लावा आणि अ‍ॅम्प मोनोवर ठेवा. निम्मी खरखर तिथेच जाईल. घुसमट प्रीअ‍ॅम्पमुळे, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागामुळे. तो तबकड्यांसाठीच्या १९५४च्या आरआयएए मानकाप्रमाणे वरचे सूर कापतो, जुन्या तबकड्या त्या हिशेबाने बनवलेल्याच नाहीत. ट्रेबल वाढवून बघा. धुताना डिस्टिल्ड पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवून. अल्कोहोल असलेलं क्लीनर चुकूनही नको. तबकडीत लाख असते, ती विरघळते.