दुसऱ्यांची गाणी, मग अल्बम कोणाचा?

प्रश्न: मला सोल संगीताची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या त्या भावनेनं भरलेल्या गाण्यांची, नुकतीच गोडी लागली आहे. एका मित्राने ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' ऐकायला सांगितला. ऐकला, आवडला. मग कळलं की त्यातली बहुतेक गाणी आधीच दुसऱ्यांनी गायलेली आहेत, आणि तो मनातून थोडा उतरला. अशा अल्बमला गायकाचं स्वतःचं काम म्हणायचं का?
– एक वाचक

उत्तर: तुमचा हिशेब बरोबर आहे, ११ पैकी ८ गाणी दुसऱ्यांची आहेत. तरी अल्बम ओटिसचाच, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

जुलै १९६५. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं सिनेमा थिएटर, जमिनीचा उतारही तसाच राहिलेला. जवळजवळ सगळा अल्बम तिथे २४ तासांत झाला. मध्येच वादक आपापले रात्रीचे कार्यक्रम वाजवायला गेले आणि उत्तररात्री परत येऊन बसले. एवढ्या घाईत कोणाची हुबेहूब नक्कल करायला सवड कुठली?

'सॅटिस्फॅक्शन' घ्या. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं ते गाणं बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. मूळ गाण्यात गिटारची जी घरघरती सुरावट आहे, ती इथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवतात. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स, त्याच्या मनातही तिथे आधी हीच वाद्यं होती. गिटार त्याने नुसती जागा धरायला वाजवली होती! पुढे ओटिस शब्दांना धरूनही राहत नाही. एकच तुकडा घोळवत, तोडत, ठेक्यावर आपटत नेतो.

सगळीच गाणी अशी उतरली आहेत असं नाही. 'माय गर्ल' मला आजही टेम्पटेशन्स या मूळ गाणाऱ्या गटाचंच जवळचं वाटतं.

पण सॅम कुक या सोल गायकाची इथली तीन गाणी शांतपणे ऐका. ११ डिसेंबर १९६४ला लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून कुक गेला. त्याच महिन्यात त्याची एक तबकडी निघाली: एका बाजूला 'शेक', दुसऱ्या बाजूला 'अ चेंज इज गॉना कम'. सात महिन्यांनी ओटिसने त्या दोन्ही बाजू गायल्या. 'चेंज' मी रात्री हेडफोन लावून दोघांचं लागोपाठ ऐकते. कुकच्या मागे व्हायोलिनांचा भरगच्च ताफा आहे, आवाज रेशमासारखा. ओटिसकडे व्हायोलिनं नाहीत. आवाज खरखरीत, ओळीच्या शेवटी चिरकतो, आणि तो चिरकणं झाकत नाही. ज्याला गुरू मानलं त्याचं गाणं तो गेल्यावर गायचं, आणि तरी त्याच्यासारखं गायचं नाही! इथे माझा दरवेळी गळा दाटून येतो.

आता उरलेल्या तीन गाण्यांपैकी 'रिस्पेक्ट'. हे ओटिसचं स्वतःचं. त्याच्या गाण्यात पुरुष घरी आल्यावर बायकोकडे मान मागतो. १९६७मध्ये अरेथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं आणि शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं: आर-ई-एस-पी-ई-सी-टी. ओटिसच्या गाण्यात ही अक्षरं नाहीतच. आज ते गाणं लोक अरेथाचं म्हणूनच ओळखतात. दोन्ही अडीच मिनिटांच्या आतली आहेत. आधी ओटिसचं लावा, मग अरेथाचं, आणि तुमचा प्रश्न मला पुन्हा लिहून पाठवा.