व्हिडिओ बंद केला की हात थांबतो

"मॅडम, व्हिडिओ बघत बघत केलं की सगळं जमतं. व्हिडिओ बंद केला की हात थांबतो. मला हे येतच नाही का?"

मी समुपदेशक आहे. वर्षातून पाच-सहा मुलं तरी मला हे विचारतात. कुणाचं फोटोशॉप असतं, कुणाचं कोरलड्रॉ, कुणाचं ब्लेंडर; सगळी संगणकावर फोटो-चित्रांचं काम करायची सॉफ्टवेअर, आणि मुलं ती व्हिडिओ बघून शिकतात. आईवडिलांचा प्रश्न याच्याच उलट्या बाजूने येतो: दिवसभर लॅपटॉपपुढे बसतो, मग प्रॅक्टिकलला अडतो कसा? दोघांना मिळून एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललं आहे.

ती निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. नाशकात सिडकोत मावशीकडे राहायची आणि कॉलेजात ग्राफिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. गुरुवारी फोटो एडिटिंगचं प्रॅक्टिकल असायचं आणि बरोबर गुरुवारीच तिचं डोकं दुखायचं. डोळे तपासून झाले, नंबर नव्हता. डॉक्टरांनीही काही नाही म्हणून सांगितलं. मग मावशी तिला माझ्याकडे घेऊन आली. आल्या आल्या पोरगी म्हणाली, "मला कोर्स सोडायचाय, पण पप्पांना तुम्ही सांगा."

मी काय केलं? मराठी माध्यम, इंग्रजी मेन्यू, खेड्यातून शहरात आलेली मुलगी, असं सगळं आपलं आपणच जुळवलं आणि ताण हलका करण्याच्या मागे लागले. श्वासाचे व्यायाम दिले, झोपेची वेळ ठरवून दिली. ती शहाण्या मुलीसारखी सगळं करून यायची आणि गुरुवारी डोकं दुखतच राहायचं. तीन बैठका अशा गेल्या. चौथ्या वेळी म्हटलं, लॅपटॉपच घेऊन ये, मला दाखव तू कशी करतेस. (हे सुचायला इतका वेळ लागला. त्या तीन बैठकांची फी मी घ्यायला नको होती.)

तिने स्क्रीनचे दोन भाग केले. डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे फोटोशॉप. चार सेकंद व्हिडिओ चालवायचा, थांबवायचा, तिथे जे क्लिक झालं ते इथे करायचं, पुन्हा चार सेकंद. फोल्डरमध्ये अशा चाळीसेक फायली होत्या, सगळ्या चकाचक. मी एका स्लायडरवर, म्हणजे ओढून आकडा कमी-जास्त करायच्या पट्टीवर, बोट ठेवलं.

"हा इथपर्यंत का ओढलास?"

"व्हिडिओत ३५ होता."

"४० केला तर?"

"बिघडेल ना."

"काय बिघडेल?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. चाळीस फायली केलेल्या मुलीला तो स्लायडर चित्राचं नेमकं काय करतो हे माहीत नव्हतं. तिला आकडा पाठ होता.

ओळखता येणं आणि आठवून करता येणं, या दोन गोष्टी आपण एकच समजतो. रोज स्कूटरवर मागे बसून रविवार कारंजावरून जाणाऱ्याला सगळा रस्ता ओळखीचा असतो, पण एक दिवस गाडी त्याच्या हातात द्या, पहिल्याच वळणाला तो थांबून विचारेल. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त येईल असा विश्वास पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. तिच्या त्या चकाचक फायली म्हणजे हाच विश्वास. दर गुरुवारी तो लॅबमध्ये फुटायचा, कारण तिथे सर नुसता फोटो द्यायचे, व्हिडिओ नाही.

हे मी तिच्या वडिलांना समजावत होते तेव्हाची गोष्ट. मार्केट यार्डात काम होतं म्हणून ते नाशकात आले होते आणि तिच्या संमतीने तिच्याबरोबर येऊन बसले होते. त्यांना वाटत होतं लॅपटॉप कमी पडतोय, यंदाच्या मालाच्या पैशातून दुसरा घ्यावा. आठ जीबी रॅमचा तिचा लॅपटॉप या कामाला पुरेसा होता, ते तिनेच सांगून टाकलं. माझं ओळखणं-आठवणं चालू असताना त्यांनी मध्येच तोडलं.

"ताई, म्हणजे छाटणीसारखं म्हणा की. बघून छाटणी येत नाही. कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, कात्री लावायची ते काडी हातात धरल्यावरच कळतं. मला आमच्या वडलांनी पहिल्या साली बांधाकडची एक ओळ दिली होती. म्हणाले, बिघडली तर ही बिघडू दे."

पोरगी वडिलांकडे बघतच राहिली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. "मग बिघडली?"

"अर्धी बिघडली."

माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून मला याहून चांगला उपाय सुचला नसता. त्या संध्याकाळी तिने लॅपटॉपवर एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'बांधाकडची ओळ'. त्यातली फाइल कुणालाही दाखवायची नाही, सरांना नाही आणि मलाही नाही. काम सुरू करण्याआधी चित्रात काय खटकतंय ते कागदावर मराठीत लिहायचं. पाऊण तास व्हिडिओ बंद. अडलं की प्रश्न लिहून ठेवायचा, आणि नंतर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं. चुकलं तर केलेलं मागे घ्यायला कंट्रोल-झेड आहेच. फोटोशॉप १९९० साली आलं, पण १९९८ पर्यंत त्यात एकच पाऊल मागे जाता यायचं, केलेल्या पावलांची यादी दाखवणारं हिस्टरी पॅनल त्या साली आलं. आता सुरुवातीपासूनच पन्नास पावलांची सोय असते. आणि आमची मुलं ३५चा ४० करायला घाबरतात!

मलाही दाखवायचं नाही हा नियम तिनेच मोडला. पहिला फोटो तिने आजोबांचा घेतला होता, ओळ देणाऱ्या त्याच आजोबांचा. भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलवर काढलेला. कागदावर चार ओळी होत्या: पिवळा पडलाय. कपाळावरून घडीची रेघ. गालावर बुरशीचे ठिपके. काचेत ट्यूबलाइट दिसते. ट्यूबलाइट काढायला कुठलं टूल, यावर तिने पाऊण तास घालवला आणि शेवटी आईला फोन लावला. आईने फोटो फ्रेममधून काढला, ओट्यावर सावलीत ठेवला आणि पुन्हा मोबाइलवर काढून पाठवला. चारातली एक ओळ सॉफ्टवेअर न उघडताच खोडली गेली.

पिवळेपणाचं तिने मला शिकवलं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "मॅडम, स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, शून्य ते २५५. पिवळं दिसतंय म्हणजे निळा कमी पडतोय." तिने उजेड-अंधार कमी-जास्त करायचं लेव्हल्स उघडून नुसता निळा चॅनल, म्हणजे निळ्याचेच आकडे, घेतला. त्यातला डोंगरासारखा आलेख उजव्या टोकापर्यंत पोचतच नव्हता, मध्येच संपत होता. उजवीकडचं पांढरं हँडल तिने डोंगराच्या पायथ्यापर्यंत आत आणलं. आजोबांची हळदीत बुडवल्यासारखी टोपी पांढरी झाली. मी वा म्हणणार, तेवढ्यात तिने हँडल थोडं मागे नेलं.

"काय झालं?"

"एवढी पांढरी टोपी आजोबांची कधी नव्हतीच."

किती आकडा झाला ते तिने बघितलंही नाही.

कपाळावरच्या रेघेने मात्र घाम काढला. मूळ फोटोला हात लागू नये म्हणून तिने वेगळी रिकामी लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर, घेतली आणि हीलिंग ब्रशने रेघ पुसत गेली. टोपीच्या कडेशी पोचली आणि टोपीचा पांढरा कपाळात फिस्कटला. हा ब्रश आजूबाजूचा रंग मिसळून घेतो, त्यामुळे दोन रंगांच्या सीमेवर तो घोटाळा करतो. तिचा हात थांबला. पूर्वी इथेच व्हिडिओ पुढे सरकवला असता. पाच-सहा मिनिटं ती काहीच बोलली नाही, मीही नाही. (समुपदेशकाला गप्प बसायचे पैसे मिळतात, पण ते सोपं नसतं.) मग तिने मागे जाऊन तेवढ्या तुकड्याला क्लोन स्टॅम्प घेतला. तो न मिसळता जसंच्या तसं उचलून ठेवतो. कड नीट आली. अगदी सफाईदार नव्हे, पण तिची.

"एआय हे दोन सेकंदांत करतं, मग मी कशाला शिकू?" हेही तिने विचारलंच, सगळेच विचारतात. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हटलं, करून बघ. तिने एका ॲपमध्ये तोच फोटो टाकला. खरं सांगते, कपाळावरची रेघ तिच्यापेक्षा छान गेली होती. बुरशीचे ठिपकेही गेले, आणि त्यांच्याबरोबर नाकाशेजारचा तीळही गेला. तो तीळ आहे की ठिपका, याबद्दल तिलाही मग शंका आली. तिथूनच तिने आजीला फोन लावला. आजीने आधी जेवलीस का विचारलं, मग तीळ कुठल्या बाजूला ते सांगितलं.

कोर्स सुटला नाही. गुरुवारचं डोकं अधूनमधून दुखतं, पण दुखलं तरी ती लॅबला जाते. व्हिडिओही बघते. बंद करून मग पुन्हा पहिल्यापासून स्वतः करते, आणि त्यात दुप्पट वेळ जातो म्हणून कुरकुरते.

घरच्यांसाठी एवढंच: "आज काय बनवलंस, दाखव" हे रोज विचारू नका. त्याने मुलं दाखवण्याजोग्या फायली बनवायला लागतात, आणि त्या व्हिडिओ बघून सगळ्यात लवकर बनतात.

गेल्या महिन्यात भेटली तेव्हा रेषा काढायच्या पेन टूलवर अडली होती. वळणदार रेषेचे ते दोन दांडे कुठल्या बाजूला किती ओढायचे, याचा अंदाज येत नाही म्हणाली. 'बांधाकडची ओळ'मध्ये सध्या द्राक्षाचे बारा घड पडलेत. एकाचाही मणी गोल आलेला नाही.